डोक्यावरच्या कप्प्यातला अकरावा मजला

दिनकरराव चौबळांचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांना जागा वाटण्यात गेलं होतं. दिल्लीतल्या एका मंत्रालयात कोणत्या साहेबाला केवढी खोली, खिडकी कोणाला, लोखंडी कपाटं कोणाच्या वाट्याला किती, हे सगळं त्यांच्या टेबलावरून ठरायचं. एका जॉइंट सेक्रेटरीला जादा कपाट हवं होतं, तर दिनकररावांनी त्या साहेबाची बदली होईपर्यंत प्रकरण विचाराधीन ठेवलं आणि कपाट वाचवलं. अशा माणसावर एके दिवशी विमानात उभं राहून हातभर जागेसाठी गयावया करायची पाळी यावी, याला काय म्हणावं? नशीबच म्हणा. कुमुदताई मात्र याला वेंधळेपणा म्हणतात.

सगळं सुरू झालं ते साखरपुड्यात. चौबळांची वल्लरी गुडगावात एका कंप्युटरच्या कंपनीत होती आणि तिथलाच साकेत तिने पसंत केला होता. मुलगा पुण्याचा. लग्न पुण्याला ठरलं. आणि दोघांनी मिळून गुडगावात एका नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर फ्लॅटही घेऊन ठेवला. टॉवर म्हणजे अजून एक मोठा खड्डा होता, आणि खड्ड्याशेजारी एक फलक, ज्यावर टॉवर, बाग, तरणतलाव आणि तलावाकाठी हसणारी एक बाई रंगवलेली होती. वल्लरी दर रविवारी खड्डा बघून यायची आणि काम झपाट्याने चाललंय म्हणून सांगायची.

तर साखरपुड्यात विहीणबाई, म्हणजे विनयाताई, कुमुदताईंच्या हातावर पेढा ठेवत अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "रुखवताचं काही मनावर घेऊ नका हं. दिल्लीत तुम्हाला कुठे जमायचं ते? तिकडे राहून माणसं पंजाबीच होऊन जातात."

कुमुदताई हसल्या. पुण्याहून दिल्लीपर्यंत गाडीत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरचं कुलूप उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "साखर आणा."

पुढचा महिनाभर घरात साखरेशिवाय विषय नव्हता. रुखवतात लोक तुळशीवृंदावन मांडतात, लाडवांचे मनोरे मांडतात, क्रोशाची तोरणं टांगतात. कुमुदताईंनी गुडगावचा टॉवर बांधायला काढला. साखरेच्या भिंती, चांदीच्या वर्खाच्या खिडक्या, बाल्कनीला काटेरी हलव्याचे कठडे, हिरव्या बडीशेपेची बाग, निळ्या पाकाचा तरणतलाव आणि गच्चीवर पाण्याची टाकी म्हणून एक खणखणीत बेसनाचा लाडू. प्रत्येक मजला पुठ्ठ्यावर वेगळा रचलेला आणि चार दालचिनीच्या खांबांवर उभा. अकराव्या मजल्याच्या दाराला तर त्यांनी दोन तिळांएवढ्या पाट्या लावल्या होत्या. शेजारीपाजारी बघायला यायचे आणि बोटं तोंडात घालायचे. तोंडात जाण्याआधी कुमुदताई ती बोटं तपासून घ्यायच्या.

आता हे पुण्याला न्यायचं कसं? रेल्वेत हादरे आणि मुंग्या. तेव्हा नवीनच स्वस्त विमानं सुरू झाली होती, ज्याला त्याला आपण उडावं असं वाटू लागलं होतं. वल्लरीने ऑफिसात बसल्या बसल्या बापाचं तिकीट काढलं. कुमुदताई आणि ती बाकी सामान घेऊन आधी रेल्वेने जाणार, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दिनकरराव टॉवर घेऊन विमानाने. निघताना कुमुदताईंनी एवढंच बजावलं: आडवा करायचा नाही, हातातून सोडायचा नाही. नवऱ्याच्या कर्तृत्वावर त्यांनी याआधी एवढा भरवसा फक्त गॅसचा सिलिंडर लावताना ठेवला होता.

टॉवर किती उंच असावा हा प्रश्न हरिदास टिपणिसांनी सोडवला होता. वरच्या मजल्यावर राहणारे हे टिपणीस फार वर्षांपूर्वी सरकारी कामासाठी एकदा विमानात बसले होते आणि तेव्हापासून कॉलनीत आभाळाबद्दलची सगळी चौकशी त्यांच्याकडे जायची. विमानात डोक्यावर कपाटं असतात आणि ती कोपरापासून बोटांपर्यंत उंच असतात, असं त्यांनी सांगितलं आणि चहा पिता पिता आपला हात टेबलावर उभा करून दाखवला. कुमुदताईंनी टेप आणून तो हात मोजला. टिपणीस सहा फुटी गृहस्थ, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. टॉवर त्यांच्या हाताबरहुकूम झाला.

टिपणिसांनी आणखी एक कानमंत्र दिला. "वर जागा दिसली की आधी रुमाल टाका. मग खुशाल श्वास घ्या." दिनकररावांना तो सांगायची गरज नव्हती. त्यांचं बालपण नगर जिल्ह्यात एस्टीच्या खिडक्यांतून रुमाल टाकण्यात गेलं होतं. खिडकीतून रुमाल बाकावर पडला की जागा आपली. तिथे मग तहसीलदार आला तरी उभा राहायचा. तरीही त्यांना स्वतःला वाटायचं की तशी वेळच येणार नाही. तिकिटावर नंबर आहे, त्या नंबराच्या डोक्यावरचं कपाट हे त्या नंबराचंच, यात वाद कसला? ऑफिसात ज्याची खोली त्याचं कपाट.

आठवडाभर दिनकररावांनी टॉवर एकट्याने सांभाळला. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. थंडीचे दिवस, पंखा तसाही बंदच होता, पण त्यांनी खिडकीही उघडली नाही. एकदा शिंक आली तर ते धावत जिन्यात जाऊन शिंकले. मंत्रालयात फोन करून मुंगीप्रतिबंधाचं काही परिपत्रक आहे का, याचीही त्यांनी चौकशी केली.

ठरल्या दिवशी सकाळी दिल्लीवर असं धुकं होतं की टॅक्सीवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता विचारत चालला होता. दिनकरराव मागे मांडीवर उंच खोकं घेऊन बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला "भैया, आहिस्ता" म्हणत होते. विमानतळावर खोकं क्ष-किरणांच्या यंत्रातून गेलं आणि पट्टा थांबला. पडद्यावर एक अकरा मजली इमारत दिसत होती. यंत्रावरच्या बाईने वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी आणखी वरिष्ठांना, आणि सगळे मिळून इमारतीकडे बघत राहिले.

"ये क्या है?"

"टॉवर है."

"किसका?"

दिनकररावांनी खरं ते सांगितलं, की बिल्डरचा आहे, पण अजून झाला नाही. त्यावर त्यांना बाजूला घेतलं. तिथे झडती घेणारा जवान निघाला साताऱ्याकडचा, शहाजी नावाचा. त्याने खोक्यात डोकावलं आणि त्याचा चेहराच बदलला. "काका, रुखवत का?" म्हणाला. दिनकररावांना वाटलं, सुटलो. पण वर्दीची नोकरी ती. खायची वस्तू आहे ना, मग खाऊन दाखवावी लागेल, असं शहाजीने फार ओशाळून सांगितलं. आता खायचं काय? भिंत खावी तर मजला खचतो, बाग खावी तर डोळ्यांत भरते. दिनकररावांनी हातरुमालाने तोंड पुसलं, मनातल्या मनात कुमुदताईंची क्षमा मागितली आणि सगळ्या सुरक्षा दलासमोर उभ्या उभ्या पाण्याची टाकी खाल्ली. लाडू उत्तम होता, पण त्यांना एकही घास गोड लागला नाही.

विमानात त्यांची सीट चौदा सी. ते पोचले तेव्हा डोक्यावरचा कप्पा सताड रिकामा होता. देव पावला. त्यांनी खोकं अलगद वर ठेवलं आणि झाकण ओढलं. झाकण लागेना. पुन्हा ओढलं. खोकं कप्प्यापेक्षा चांगलं वीतभर उंच होतं. टिपणिसांचा हात आठवून दिनकररावांनी दातओठ खाल्ले. तेवढ्यात हवाईसुंदरी आली. छातीवरच्या पट्टीवर विजयालक्ष्मी असं नाव होतं. ती फार गोड हसत होती, पण त्या हसण्याचा आणि बोलण्याचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. झाकण लागलं पाहिजे, मांडीवर काही घेता येणार नाही, आडवं ठेवा किंवा खाली सामानात टाका. दिनकररावांनी खोकं उतरवलं, विचार करायला थोडा अवधी मिळावा म्हणून मागच्या बाजूला मोकळ्या जागेत नेलं, आणि जाताना वहिवाटीप्रमाणे कप्प्यात आपला पांढरा रुमाल नीट पसरून ठेवला.

परत येऊन बघतात तर कप्प्यात एक अवाढव्य काळी बॅग, आणि तिच्याखालून रुमालाचं एक टोक लोंबतंय.

बॅगेचे मालक चौदा डीवर ऐसपैस बसले होते. करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान असलेले हे खुरानाजी पुण्याला आपल्या चुलतभावाकडे हॉर्नचा माल दाखवायला निघाले होते. दिनकररावांनी घसा साफ केला आणि ऑफिसातल्या हिंदीत म्हणाले, "महोदय, यह स्थान मैंने आरक्षित किया था."

"कहाँ लिखा है जी?"

"रूमाल रखा है."

खुरानाजींनी वर पाहिलं. बॅगेखालचा रुमाल दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढून काढला आणि मोठ्या भल्या मनाने दिनकररावांच्या हातात दिला. "लो जी. मिल गया आपका रूमाल."

ज्या रुमालापुढे तहसीलदार उभे राहिले, त्याची ही गत! त्यांनी रुमालाची घडी केली. घडी करता करता त्यांना साखरपुड्यातला तो पेढा आठवला, महिनाभर साखरेत बरबटलेले कुमुदताईंचे हात आठवले. हे खोकं आडवं झालं तर उद्या पुण्याच्या हॉलमध्ये त्या कोणत्या तोंडाने उभ्या राहणार? दिनकररावांनी घडी केलेला रुमाल खिशात टाकला. "मेरी लड़की की शादी है," ते म्हणाले, "इसमें उसका घर है."

खुरानाजी बसल्या जागेवरून उठले. खोक्यात डोकावले. मग म्हणाले, "बेटी का सामान है, और आप रूमाल दिखा रहे हो? पहले बताना था, साहब."

आणि मग त्यांनी सगळं विमान हातात घेतलं. धुक्यामुळे उड्डाणाला बराच अवकाश असल्याचं नुकतंच जाहीर झालं होतं, त्यामुळे लोकांनाही काहीतरी उद्योग हवाच होता. एक मजला म्हणजे दोन बोटं जाडीचा ट्रे, तो कोणाच्याही बॅगेवर आरामात राहील, हे खुरानाजींनी एका नजरेत ओळखलं. दालचिनीचे खांब काढून त्यांनी टॉवर मजल्यामजल्याने उतरवला आणि रांगेतून हिंडत लोकांना हाका मारल्या, की बेटीचं घर आहे, एकेक मजला वर ठेवून घ्या. काही क्षणांपूर्वी शेजाऱ्याची पिशवी ढकलून आपली कोंबणारी माणसं आपापल्या बॅगा सरकवू लागली. एका आजीबाईंनी गुडघ्यांमुळे आपल्याला पहिला मजलाच हवा असं सांगितलं. एका फौजी माणसाने सहावा मजला घेतला आणि मग शेजाऱ्याच्या सातव्याला बाल्कनी मोठी का, म्हणून कुरकुर केली. विजयालक्ष्मी दोनदा हसून नको म्हणाली, तिसऱ्यांदा मात्र तिने स्वतः बटर पेपर आणून दिला. जन्मभर जागावाटप केलेले दिनकरराव हातात तरणतलाव घेऊन नुसते बघत राहिले. एकही अर्ज नाही, शेरा नाही, आणि सगळ्यांना जागा मिळाली होती.

अकरावा मजला खुरानाजींनी कोणाला दिला नाही. हे मुलांचं घर आहे, हे मी ठेवणार, म्हणाले. त्यांनी आपली हॉर्नची बॅग खाली काढली, पायांशी घेतली आणि अख्खा कप्पा त्या एका मजल्याला देऊन पुण्यापर्यंत गुडघे हनुवटीला लावून बसून राहिले.

दिनकररावांना भरून आलं. आणि भरून आलं की आपला माणूस जे बोलतो तेच ते बोलले. कार्यालयाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "शादी में ज़रूर आइए. पूरे परिवार के साथ." आपल्याकडे या वाक्याचा अर्थ 'आभारी आहे, आता भेट नाही' एवढाच असतो. खुरानाजींनी मात्र विचारलं, किती वाजता यायचं.

पुण्यात चाकं टेकली मात्र, अन् सगळं विमान एका झटक्यात उभं राहिलं. खटाखट कप्पे उघडले. दिनकरराव मागच्या मोकळ्या जागेतून खोकं घ्यायला गेले आणि तिथेच अडकले. माणसं मजले पुढून मागे हातोहात पाठवत होती. दुसरा आला, चौथा आला, फौजींचा सहावा एक हलवा कमी होऊन आला, आजीबाईंचा पहिला सगळ्यांत शेवटी आला. दहा मजले खोक्यात रचून दिनकररावांनी मान वर केली तर विमान रिकामं झालं होतं. चौदा डीवर कोणी नव्हतं आणि कप्पाही मोकळा होता. खुरानाजींना गर्दीने लोटत पुढच्या दाराने बाहेर नेलं होतं, दोन्ही हात उंच आणि हातांवर अकरावा मजला, हे विजयालक्ष्मीने पाहिलं होतं. त्यांची बस निघून गेली होती. दिनकरराव विमानतळभर धावले, बाहेर टॅक्सीवाल्यांत शोधलं. त्या माणसाचा फोन नंबर त्यांनी घेतला नव्हता. कोण कशाला घेईल?

संध्याकाळी कार्यालयाच्या खोलीत कुमुदताईंनी खोकं उघडलं. टाकी गेली होती, तलावाला चीर पडली होती, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मजले मात्र त्यांनी दोनदा मोजले. "आपलं घर कुठंय?" त्यांनी विचारलं.

दिनकररावांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते पटेना.

"पोरीचं घर एका परक्या माणसाच्या हातात दिलंत," कुमुदताई म्हणाल्या. तो लग्नाला येणार आहे, असं दिनकरराव चाचरत म्हणाले, तर त्यांनी नुसतं बघितलं. अशा आमंत्रणाला कोणी येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि पदराने डोळे टिपत राहिल्या. दिनकररावांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी रुखवत मांडलं. कुमुदताईंनी दहाव्या मजल्यावर एक मोठा शेवंतीचा हार गोल करून ठेवला, गच्चीवर बाग आहे असं वाटावं म्हणून. विनयाताई चार जावानणंदांना घेऊन बघायला आल्या आणि टॉवरपुढे थबकल्या. दिल्लीत केलंत हे? स्वतः? त्यांचा आवाज खरोखरच उतरला होता. कुमुदताईंच्या चेहऱ्यावर जरासं ऊन पडलं. पण विनयाताईंची नजर खालून वर मजले मोजत गेली आणि हारापाशी थांबली.

"पण साकेत तर म्हणाला होता, फ्लॅट अकराव्यावर घेतलाय."

कुमुदताईंनी मान खाली घातली. दिनकरराव पुढे झाले. तीस वर्षांच्या नोकरीत असल्या प्रश्नाला त्यांच्यापाशी एकच उत्तर होतं, ते विचाराधीन आहे म्हणून, आणि तेच द्यायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दाराशी गलका झाला.

खुरानाजी आले होते. अंगात कोट, दोन्ही हातांवर अकरावा मजला, त्याच्यावर वहिनीची जरीची ओढणी. मागे चुलतभाऊ, वहिनी, भावाचे सासरे, असा सगळा परिवार. दारातच त्यांनी थांबून बूट काढले, मुलांच्या घराला हात लावायचा तर बूट कसे चालतील, म्हणाले, आणि मोज्यांनी चालत मंडपातून आले. गर्दीने बाहेर काढलं, बस निघाली, परत आत सोडेनात, हे सगळं त्यांनी येता येताच मोठ्या आवाजात सांगून टाकलं. रात्री भावाच्या घरी मजल्याला पलंगावर ठेवलं होतं आणि स्वतः खुर्चीत बसून झोपले होते. "पूरे रास्ते गोद में रखा है, बहनजी," ते कुमुदताईंना म्हणाले, "देख लो, एक दाना नहीं हिला."

कुमुदताईंनी ओढणी बाजूला केली. तिळांएवढ्या दोन्ही पाट्या जागच्या जागी होत्या. त्यांनी हार काढला, चार खांब उभे केले आणि अकरावा मजला वर ठेवला. बसला बरोब्बर. बिल्डरच्या आधी ताबा मिळाला, असं साकेत मुंडावळ्या सावरत म्हणाला आणि वल्लरी रडता रडता हसली.

विनयाताई हे सगळं बघत होत्या. हळूच त्यांनी विचारलं, "हे तुमच्या नात्यातले का?"

"आमच्या दिल्लीचे," कुमुदताई म्हणाल्या. एवढ्या ताठ मानेने त्यांना दिनकररावांनी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

लग्न लागलं, जेवणं सुरू झाली. मुलीच्या बापाने शेवटच्या पंगतीला बसायचं, तसे दिनकरराव बसले. पण पुण्याची माणसं ती. आधीची पंगत उठायच्या आत प्रत्येक खुर्चीवर कोणाचा रुमाल, कोणाची पर्स, कोणाचा चष्मा पडला होता. चुलतभावाचा परिवार कुठे कुठे सामावला, खुरानाजी मात्र एकटेच राहिले. ते एका रिकाम्या खुर्चीपाशी गेले, तिच्यावर रुमाल पाहिला आणि मुकाट पुढे सरकले. दुसरीकडेही तेच. शेवटी ते दिनकररावांच्या शेजारच्या खुर्चीपाशी येऊन थांबले. तिच्यावर एक पांढरा रुमाल नीट पसरून ठेवलेला होता.

"यहाँ भी कोई है जी?" त्यांनी अदबीने विचारलं.

"है," दिनकरराव म्हणाले. "आप हैं."

खुरानाजींनी रुमाल दोन्ही हातांनी उचलला, हळूहळू घडी करून दिनकररावांच्या हातात ठेवला, आणि मग बसले.